कावळ्याचं दार

मॅटाडोरमध्ये माणसं चार होती आणि पाचवा ड्रायव्हर. लोखंडी दार एक, चौकटीसकट. वजन अठ्ठावीस किलो. भिंत नव्हती, ती कुठल्याच प्रयोगात नव्हती. वनस्पती तुपाचे रिकामे डबे दोन, झाकणांना फटी पाडलेले. काळा रेनकोट एक, त्याच्या पाठीवर मोडकी छत्री शिवलेली. पुठ्ठ्याची चोच एक, राखीव चोच एक. पावसासाठी पत्र्याचं सूप आणि त्यात घोळवायला मटकी. कापडी बाळ एक. पाटी, खडू, पन्नास फुटी टेप. आणि पिशवीत हळकुंडं, तीनशे एकसष्ट.

ज्ञानदाने हळकुंडं दोनदा मोजली. दोन्ही वेळा आकडा तोच आला तेव्हा तिचं समाधान झालं. त्यातलं एक मात्र दोन फाटे फुटलेलं होतं, गलोलीसारखं. तिनं ते डब्याच्या फटीतून घालून पाहिलं. आडवं जाईना, उभं जाईना. मग तिनं ते कुर्त्याच्या खिशात टाकलं आणि जाहीर केलं, "मतं तीनशे साठ. एक बाद."

"नीट मोज बाई," पुढच्या सीटवरून देवदत्त म्हणाला. "साताऱ्याहून सांगलीला हळद घेऊन जाणारी आपण जगातली पहिली माणसं. पेठेत कळलं तर व्यापारी हसून मरतील."

देवदत्त दिवसा सहकारी बँकेत चेकवर शिक्के मारायचा आणि संध्याकाळी 'उलटा सदरा' नावाची नाट्यसंस्था चालवायचा. संस्था म्हणायचं ते लेटरहेड छापलेलं होतं म्हणून. या लोकांचा उद्योग एकच: सगळ्यांनी लहानपणी जेवताना ऐकलेल्या गोष्टी घ्यायच्या आणि आतली बाजू बाहेर करून रंगमंचावर वाळत घालायच्या. ससा-कासवाच्या शर्यतीची त्यांनी चौकशी समिती नेमली होती; ससा झोपला की झोपवला, हा मुद्दा तीन साक्षीदारांनंतरही अनिर्णित राहिला.

ज्ञानदा या मंडळींत आली ती भांडून. त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, तिचं फिजिक्सचं बी.एस्सी. संपलं होतं. शाहू चौकाजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये ती तहानलेल्या कावळ्याचा प्रयोग बघायला गेली. कावळ्याने मडक्यात खडे टाकायला सुरुवात केली आणि ही तिसऱ्या रांगेत उभी राहिली. "माफ करा, पण मडक्यात किती पाणी होतं? खड्यांच्या मधे फटी राहतात. मडकं निदान चाळीस टक्के भरलेलं नसेल तर पाणी त्या फटींतच राहणार. वर येणारच नाही."

रंगमंचावर देवदत्त तोंड उघडं ठेवून उभा होता. "मग कावळ्यानं करायचं काय?"

"दुसरं मडकं बघायचं."

त्या नाटकाला त्या संध्याकाळी मिळालेलं सगळ्यात मोठं हसू ते. दुसऱ्या दिवशी देवदत्त पत्ता शोधत तिच्या घरी हजर. तेव्हापासून संस्थेत जे जे मोजण्यासारखं होतं ते ज्ञानदा मोजू लागली.

नवं नाटक चिमणी आणि कावळ्याचं होतं. गोष्ट माहीत नाही असा माणूस कृष्णेच्या दोन्ही तीरांना सापडायचा नाही. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, शेण वाहून जातं, कावळा चिमणीच्या दारात येतो. आणि आतून चिमणी सांगत राहते: थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते. 'उलटा सदरा' गोष्ट इथेच थांबवायचा आणि प्रेक्षकांना विचारायचा, दार उघडायचं की नाही? कौल येईल तसा शेवट.

कौल घ्यायची पद्धत पहिल्या प्रयोगात फसली. प्रत्येकाला भुईमुगाची एक शेंग दिली होती. 'उघडा' आणि 'उघडू नका' अशा दोन डब्यांपैकी एकात ती टाकायची. शेंगा गेल्या एकशे ऐंशी, परत आल्या एकतीस. बाकीच्यांची टरफलं खुर्च्यांखाली होती. "हा निकाल ग्राह्य धरता येणार नाही," ज्ञानदा म्हणाली होती. "यात फक्त पोट भरलेल्यांचं मत आलंय." तेव्हापासून हळकुंड. कच्चं हळकुंड कोण खाणार?

पण शेंग असो की हळकुंड, निकाल एकच. सातारा, कराड, मलकापूर, कोरेगाव, औंध. कुठेही दार उघडलं नव्हतं. लोक कावळ्याला खदाखदा हसायचे आणि बाहेर ठेवायचे.

"मला कंटाळा आलाय रे," चिमणी होणारी स्वानंदी मॅटाडोरमध्ये म्हणाली. ती शाळेत मराठी शिकवायची. "आठ प्रयोग मी त्या बाळाला न्हाऊ घालतेय. कातडं निघायची वेळ आली बाळाचं."

मागे दाराला टेकून बसलेला जालिंदर हसला नाही. एरवी या गाडीत सगळ्यात मोठ्यानं हसणारा तोच. कावळा तो व्हायचा आणि दारही त्यानेच केलं होतं. कोरेगावच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकून तो साताऱ्याच्या एमआयडीसीत लागला होता. चौकटीचे चारही कोपरे ज्ञानदाने गुण्याने तपासले होते, चारही नव्वद अंशांचे निघाले होते.

पेठ नाक्यावर चहाला उतरल्यावर तो ज्ञानदाला बाजूला घेऊन गेला.

"मॅडम, येक काम हुतं." मॅडम म्हणायचा तो चिडवायला, आज मात्र आवाजात चिडवणं नव्हतं. "आज दोन-चार हळकुंडं हिकडची तिकडं झाली तर पृथ्वी थांबंल का?"

"थांबणार नाही. पण मग मोजायचं कशाला?"

"आज आई येतीय नाटकाला. सांगलीत मावशी हाय, तिच्याकडं आलीया. पयल्यांदाच बगणार."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं?" त्याने बशीतला चहा एका घोटात संपवला. "आई सुकट इकती. ल्हानपनी मी तिच्यासंगं गावोगाव फिरायचो. ती पाटी घिऊन दारात, मी तिच्या मागं दारात. आतनं कायम येकच: थांब जरा, कामात हाय. उनात बी त्येच, पावसात बी त्येच. आता त्येच मी तिला खुर्चीत बसवून दाखवू? वर तीनशे मानसं हसायला?" तो ज्ञानदाकडे वळला. "येकदा. येकदा दार उघडू दे. मग ऱ्हायल्याली जिंदगी भाईर उभा ऱ्हातो."

मोजणाऱ्याने मत द्यायचं नाही, हा ज्ञानदानेच केलेला नियम होता. मोजणाऱ्याने आकडा बदलायचा नाही हा नियम तिने केला नव्हता, कारण तो करावा लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आकडा नाही बदलणार मी, जालिंदर."

"मला वाटलंच." त्याने बशी टपरीच्या फळीवर ठेवली. "तुझं बी बरोबर हाय म्हना. कोपरं नव्वदचंच पायजेत."

सांगलीत ज्यांनी बोलावलं होतं त्या मंडळाचे अध्यक्ष नानासो थिएटरच्या दारातच भेटले. सफारी, बोटांत तीन अंगठ्या, आणि पाहुण्यांना ऐकवायचं एक वाक्य तयार. "ही नाट्यपंढरी आहे बरं का! इथला प्रेक्षक नाटक कोळून प्यालाय." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "नेपथ्याचं सामान मागून येतंय वाटतं?"

"एवढंच आहे," देवदत्त म्हणाला.

"असं असं," नानासो म्हणाले आणि हळकुंडांच्या पिशवीत डोकावून एकदम खूश झाले. "वा! ही मात्र जाण आहे तुम्हाला. द्या इकडे, बघतो मी."

देवदत्तला वाटलं, वाटायला माणूस देतायत. त्याने पिशवी दिली. ज्ञानदा तेव्हा विंगेत चौकट ओळंब्यात लावत होती. ती बाहेर आली तेव्हा निम्मा प्रेक्षक आत येऊन बसला होता, आणि प्रवेशदारात नऊवारी नेसलेल्या दोन बायका तबक घेऊन उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला कुंकू लावत होत्या आणि हातावर एक हळकुंड ठेवत होत्या. पुरुषांना गुलाबपाणी.

ज्ञानदा धावली. "काका! काका, ती मतं आहेत!"

"कुठली मतं?" नानासोंनी तबकाकडे पाहिलं. "हळद आहे ती."

"ती प्रत्येकाला द्यायची होती. पुरुषांनासुद्धा!"

"पुरुषांना हळकुंड?" नानासोंचा चेहरा असा झाला, जणू त्यांना कुणी बांगड्या भरायला सांगितलंय. "अगं मुली, हसतील ना लोक!"

एवढ्यात दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई आली. कपाळ मोकळं. तबकवालीचा हात सवयीने कुंकवाकडे गेला, कपाळापाशी अडला आणि तसाच मागच्या बाईकडे वळला. ठेंगणी बाई क्षणभर तबकाकडे बघत राहिली. मग तिनं ज्ञानदाला विचारलं, "पोरी, जालिंदर कुटं हाय? मी त्येची आई, भामाबाई."

"आत तयारी करतोय. या ना, बसा." ज्ञानदाने तबकाकडे बोट केलं. "ते हळकुंड... मी सांगते त्यांना, चुकून..."

"ऱ्हाऊ दे गं. आमी बौद्ध मानसं, आमी न्हाई पाळत हळदी-कुकू. दिलं असतं तरी मी घेतलं नसतं." भामाबाई पदर सावरत पुढे निघाल्या आणि वळून म्हणाल्या, "पर इचारायला काय झालं हुतं?"

त्या आठव्या रांगेत, मधल्या वाटेला लागून असलेल्या खुर्चीत बसल्या.

विंगेत देवदत्तनं डोक्याला हात लावला. "म्हणजे मतं फक्त बायकांकडे?"

"फक्त सवाष्णींकडे आणि मुलींकडे," ज्ञानदा म्हणाली. "नमुना पार बिघडलाय."

"बिगडू दे," जालिंदर चोच बांधत म्हणाला. "नमुना कोनताबी आना, कावळा भाईरच."

नाटक रंगलं. स्वानंदीची चिमणी अशी काही ठसक्यात "थांब!" म्हणायची की सांगलीच्या नाटक कोळून प्यालेल्या प्रेक्षकाला ठसका लागत होता. देवदत्त विंगेत सुपात मटकी घोळवून पाऊस पाडत होता. जालिंदर दाराबाहेर भिजत होता. पाण्याचा एक थेंब नसताना असा काही कुडकुडत होता की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मफलर घट्ट केला. ज्ञानदा पडद्याच्या फटीतून आठव्या रांगेकडे बघत होती. भामाबाई हसत नव्हत्या. हनुवटी मुठीवर टेकवून, बाजारात गिऱ्हाइकाकडे बघावं तशा त्या रंगमंचाकडे बघत होत्या.

मग देवदत्त पुढे आला आणि त्याने कौल मागितला. ज्यांच्याकडे हळकुंड आहे त्यांनी ते एका डब्यात टाकावं.

"आनि आमी?" मागून एक पुरुषी आवाज.

"या वेळी फक्त बायकांना मत आहे," देवदत्त म्हणाला. "तांत्रिक अडचण."

"ह्ये काय! बायकांनीच ठरवायचं व्हय?"

"घरात कोन ठरवतं रं मर्दा?" दुसरा कुणीतरी म्हणाला आणि बाल्कनी कोसळायची बाकी राहिली.

ज्ञानदा आणि देवदत्त डबे घेऊन रांगांतून फिरू लागले. आणि पुढची अडचण तिथे कळली. बायका मत द्यायला तयार होत्या; हळकुंड द्यायला तयार नव्हत्या.

"अहो, कुंकवाबरोबर मिळालेलं हळकुंड असं डब्यात टाकतात का कुठे?" एका बाईंनी पदराची गाठ मुठीत धरली. "आमचं मत उघडा असं लिहा."

"लिहून नाही चालत. हळकुंड टाकावं लागतं."

"मग राहू दे भिजत."

काहींनी टाकली, काहींनी नाही. ज्ञानदाने रंगमंचावर, सगळ्यांसमोर, डबे सतरंजीवर रिकामे केले आणि पाच-पाचचे ढीग लावले. ही त्यांची पद्धतच होती; मोजणी उघड्यावर व्हायची. जालिंदर दाराबाहेर उभा राहून चोचीच्या वरून ते ढीग बघत होता. एरवी 'उघडा'चा ढीग मूठभर असायचा. आज दोन्ही ढीग सारखे वाढत होते.

"उघडा: एकेचाळीस," ती म्हणाली. मग तिनं दुसरा ढीग पुन्हा मोजला. "उघडू नका: एकेचाळीस."

बरोबरी झाली तर काय, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. आठ प्रयोगांत तशी वेळ येईल असं दिसलंच नव्हतं.

"छापा-काटा करा!" बाल्कनीतून.

नानासो उभे राहिले. "अशा वेळी अध्यक्षाला निर्णायक मत असतं. मी..."

"तुम्हाला हळकुंड मिळालं होतं का, काका?" ज्ञानदाने विचारलं.

"मला कसं मिळेल?"

"मग मत नाही." हशा संपायची तिनं वाट पाहिली. खिशातलं दोन फाट्यांचं हळकुंड तिच्या बोटांना लागलं होतं. "इथे एका बाईंना हळकुंड द्यायचं राहून गेलंय. दारातच राहिलं. ते द्यायला हवं."

तबकवाल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग तबकात. ज्ञानदा पायऱ्या उतरली. तिनं एकही आकडा बदलला नव्हता, एकही हळकुंड इकडचं तिकडे केलं नव्हतं. मत ज्याचं बुडालं त्याला ते परत मिळत होतं. पद्धत म्हणून यात काही खोट काढता आली नसती. आणि आई ती आईच. पोरासाठी दार उघडणारच. चालता चालता ज्ञानदाला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

"हे तुमचं," तिनं भामाबाईंसमोर हळकुंड धरलं. "कुंकवाचं नाही, मताचं आहे."

देवदत्त दोन्ही डबे घेऊन मागोमाग आला. भामाबाईंनी हळकुंड घेतलं, उलटसुलट केलं, मग रंगमंचाकडे बघून आवाज लावला. भर बाजारात सुकट विकणारा आवाज तो. त्याला माइक लागत नाही.

"काय रं कावळ्या! घर कशाचं बांदलं हुतंस?"

सगळं थिएटर वळून बघायला लागलं. जालिंदरने चोच जरा वर केली. "शेनाचं."

"का? पाऊस काय पयल्यांदा पडला व्हय?"

"न्हाई."

"मग?"

कावळ्याने चोच खाली घातली. प्रेक्षक पोट धरून हसत होते.

"आनि ही बया कवाधरनं थांब म्हनतीया?"

"लय येळ झाला."

"मग तू कशाला थांबलाईस?" भामाबाई आता उभ्या राहिल्या होत्या. "मी थांबत हुते ती पाटीतली सुकट खपवायची म्हनून. तुज्या पाटीत काय हाय? दोन हात हायत, वेल्डिंग येतंय, आनि दुसऱ्याच्या दारात कुडकुडतोय!"

"आई, नाटक हाय गं..." चोचीआडून आवाज आला, आणि आता कुठे लोकांना कळलं की ही बाई कोण. हसू एकदम अर्धं झालं.

"नाटकच म्हनतीय मी बी." भामाबाईंनी हळकुंड 'उघडू नका'च्या फटीत घातलं. ते जाईना. त्यांनी फिरवलं, दाबलं, शेवटी झाकणावर ठेवून दिलं. "उघडू नका. बसा म्हनावं आत, पोराला न्हाऊ घालत. तू ये हिकडं."

ज्ञानदा वाटेत उभीच राहिली. तिचा अंदाज सपशेल चुकला होता आणि तो कुठे चुकला हे तिला लगेच शोधता येईना.

जालिंदरने चोच काढली. घामाने नाक लाल झालं होतं. त्याने आईकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या दाराकडे.

"पर आई, दार माझं हाय."

"मग घिऊन ये की!"

त्याने रेनकोटाच्या बाह्या सारल्या, वाकून चौकट खांद्यावर घेतली आणि दारासकट पायऱ्या उतरू लागला. पाठीवरची छत्री धक्क्याने उघडली. थिएटरमध्ये शिट्ट्या सुरू झाल्या. देवदत्त डबे टाकून विंगेत पळाला आणि जिवाच्या आकांताने पाऊस पाडू लागला. रंगमंचावर स्वानंदी एकटीच उरली, मांडीवर बाळ, समोर तीनशे माणसं.

"अगं बाई," ती म्हणाली, "भिंत पण नव्हती होय!"

हे वाक्य संहितेत नव्हतं. पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते राहिलं.

जालिंदरने दार वाटेत आणून आईच्या खुर्चीसमोर उभं केलं. भामाबाईंनी कडी काढली, दार पुढे-मागे केलं, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला.

"काम पक्कं हाय," त्या म्हणाल्या. "बिजागरी करकरतीया. त्याल घाल."

जालिंदर हसला. गाडीत हसायचा तसा, सगळ्यात मोठ्यानं.

नानासो घाईघाईने ज्ञानदापाशी आले. "अहो, हे सगळं बसवलेलं होतं का?"

"सांगते," ज्ञानदा म्हणाली. तिनं टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि रंगमंचाच्या काठाला धरून उभं राहायला सांगितलं. दुसरं टोक घेऊन ती वाटेतून चालत गेली, दारापाशी वाकली, फीत ताणली, आकडा वाचला. मग परत येऊन तिनं पाटी पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशा अक्षरात लिहिलं:

उघडा: ४१.
उघडू नका: ४२.
रंगमंचाच्या काठापासून दारापर्यंत: ३१ फूट ४ इंच.